पश्चिमेची खोली की पश्चिमेचं दार?

'द रूम विथ अ डोअर टु द पॅसेज ऑन द वेस्ट.'

दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या वाटणीपत्रातली ही ओळ. वाटणी दोन भावांची, दस्त इंग्रजीत, आणि दोन्ही भाऊ आता हयात नाहीत. या ओळीतली खोली धाकट्याच्या वाट्याला आलेली. घरात नव्याने तडजोड ठरत होती आणि धाकट्याच्या पत्नीने, सगळे त्यांना आजी म्हणतात, वकिलांना सांगितलं, "मला कुणी वाचून दाखवायचं नाही. मराठीत करून आणा, मी स्वतः वाचेन, मग सही." तसा तो दस्त माझ्याकडे आला. वडोदऱ्यात मराठी, गुजराती आणि इंग्रजी कागदांची भाषांतरं करणं हे माझं काम.

दस्तात दारांचा उल्लेख पानोपानी होता. 'द की टु द आउटर डोअर', 'द लॉक ऑन द रिअर डोअर'. आपल्याकडे दाराची किल्ली, दाराचं कुलूप, दाराची मूठ. 'चा-ची-चं'वर सगळं भागतं. इंग्रजीत नाम बदललं की मधला शब्द बदलतो. मूठ हा दाराचाच भाग, म्हणून 'ऑफ' चालतं. कुलूप वरून लावलेलं, म्हणून 'ऑन'. किल्लीला मात्र 'टु', कारण ती आतपर्यंत पोहोचवते. 'एन्ट्रन्स', 'आन्सर' ही नामंही याच जातीची, त्यांनाही 'टु'च लागतं. 'द की ऑन द डोअर' म्हटलं तर दारावर अडकवलेली एखादी किल्ली डोळ्यांपुढे येते, मग ती कुठल्या का कुलपाची असेना. शाळेत हे सगळं पाठ करायला लावतात याचं मला वाईट वाटतं. त्यामागे चांगला विचार आहे आणि तो मुलांना सहज कळू शकतो.

हा भाग भरभर झाला. अडले ते त्या खोलीच्या ओळीवर.

इंग्रजीत नाम आधी येतं आणि त्याची माहिती देणारे तुकडे मागून लागतात, एकामागे एक. शेवटचा तुकडा कुणाचा हे वाक्य सांगत नाही. 'ऑन द वेस्ट' म्हणजे पश्चिमेला; पण पश्चिमेला काय? खोली, दार की बोळ? इंग्रजीत तिन्ही अर्थ बसतात आणि वाक्यही निर्दोष राहतं. मराठीत हे झाकून ठेवता येत नाही. पश्चिमेची खोली, पश्चिमेचं दार, पश्चिमेचा बोळ. तीन नामं तीन लिंगांची, आणि प्रत्यय नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणार. 'ची' लिहिलं की मी खोलीची बाजू घेतली, 'चं' लिहिलं की दाराची. गुजरातीतही 'नो-नी-नुं' असंच अडवतं. मी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले आणि लक्षात आलं की एका अक्षरासरशी खोली कुणाची हे माझ्या हातून ठरणार होतं.

वकीलसाहेबांना फोन केला आणि त्याच दुपारी आम्ही वाड्यावर गेलो. भाषांतरकाराने जागा बघायला जायची पद्धत नाही, पण कागदात दारं असतील तर ती बघावीत असं माझं मत आहे. दक्षिणेकडच्या गल्लीतून दिंडीने आत शिरलं की सरळ उत्तरेला चौकाकडे जाणारा बोळ. बोळाच्या दोन्ही अंगांना एकेक खोली, समोरासमोर, आणि दोन्हींची दारं बोळातच उघडणारी. पश्चिमेकडची खोली मोठ्या रस्त्याला टेकलेली. शटर बसवलं तर उद्या दुकान निघेल. पूर्वेकडची अंधारी, सामान टाकायची.

बोळात उभी राहून मी ओळ पुन्हा वाचली. 'पश्चिमेला' खोलीशी जोडलं तर रस्त्याकडची खोली. दाराशी जोडलं तर नेमकी समोरची, कारण पूर्वेकडच्या खोलीचं दार तिच्या पश्चिमेच्या भिंतीत आहे. बोळाशी जोडलं तरी तीच, कारण बोळ तिच्या पश्चिमेला पडतो. आजींच्या घरचे अर्थातच पहिला अर्थ धरून होते, थोरल्या घरचे दुसरा. कुणी खोटं बोलत नव्हतं.

वकीलसाहेब म्हणाले, "ताई, हे आमच्या पांढऱ्या घोड्यासारखं आहे." 1872 च्या पुरावा कायद्यातलं, कलम 96 खालचं ते उदाहरण: 'माझा पांढरा घोडा' विकायचा करार झाला आणि विकणाऱ्याकडे पांढरे घोडे निघाले दोन. अशा वेळी नेमका कोणता अभिप्रेत होता हे दाखवणारा पुरावा देता येतो. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण वकिलांच्या बोलण्यात घोडा अजून आहे.

पुरावा मला दस्तातच सापडला. घरी येऊन सगळे 'विथ' आणि 'ऑन' अधोरेखित करत गेले, तेव्हा आधीच्या एका पानावर ओळ दिसली: 'द किचन विथ अ विंडो टु द कोर्टयार्ड ऑन द साउथ.' घडण अगदी तीच. आणि स्वयंपाकघराबद्दल वाद नाही. ते एकच आहे, चौकाच्या उत्तरेला, जुन्या चुलीच्या धुराड्यासकट. म्हणजे इथे 'दक्षिणेला' आहे ती खिडकी, किंवा फार तर चौक, स्वयंपाकघर नव्हे. दस्त लिहिणाऱ्याची लेखणी दिशा कुठे जोडते हे त्यातून दिसत होतं, आणि ते आजींच्या विरुद्ध जात होतं.

भाषांतराचे पैसे आजींच्या घरून येणार होते. तरी टीप लिहायची यात मला शंका नव्हती. खोली कुणाची हे ठरवणं माझं काम नाही, पण दोन अर्थ असताना एकच दाखवणं हा वाचणाऱ्याचा विश्वासघात आहे, विशेषतः जी बाई स्वतः वाचायचं म्हणून अडून बसली आहे तिचा. मूळ ओळ मी देवनागरीत तशीच ठेवली, खाली दोन्ही मराठी वाचनं दिली आणि टिपेत स्वयंपाकघराच्या ओळीचा पान क्रमांक घातला.

आजींनी चष्मा लावून सगळं वाचलं. टिपेपाशी बराच वेळ थांबल्या. "म्हणजे स्वयंपाकघर आमच्या विरुद्ध साक्ष देतंय," त्या म्हणाल्या. मुलगा काही बोलायला लागला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. "आज सही नको. याची एक प्रत थोरल्या घरी पाठवा. त्यांनीही हेच वाचू दे."

वकीलसाहेबांनी मला तडजोडीचा मसुदाही बघायला सांगितला. त्यात मी एवढंच सुचवलं की गायकवाडीतल्या मोडी कागदांत असते तशी प्रत्येक खोलीची चतुःसीमा लिहा: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस काय. ती त्यांनी घातली. खोली कुणाच्या नावाने लिहायची ती जागा अजून कोरी आहे. दोन्ही घरं बोलताहेत.