धाव मुठीत, पट्टा पात्यात

नव्या घराच्या भिंतीवर लावायला तलवार हवी, आणि तीही दमास्कसची, म्हणजे थरांची नक्षी असलेल्या पोलादाची, म्हणून औसा तालुक्यातले एक अण्णा आले ते गोणी घेऊनच. गोणीत ट्रॅक्टरचं जुनं बेअरिंग, ट्रॉलीच्या कमानपाट्याचं एक पान आणि आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. "मिस्त्री, हे समदं एकात एक घाला. हजार थर पायजेत. मजबूत झाली पायजे."

लातूरला माझं शेड आहे. घरचा धंदा लोहारकीचा. वडील फाळ आणि विळे करायचे, मी त्यात पॉवर हॅमर आणि गॅसची भट्टी आणली. अण्णांना म्हटलं, "मजबूत कशाला? कुणाशी भांडायलाव का?" तलवारीला धार लावायची नाही, हे तर फोनवरच ठरलं होतं. बिनधारेच्या तलवारीत पोलाद निवडायचं ते नक्षीसाठी. पण गिऱ्हाईक शेवटी कडकपणावरच येतं.

थरांची नक्षी दिसते ती आम्लात बुडवल्यावर. एक पोलाद काळं पडायला हवं आणि दुसरं पांढरं राहायला हवं. मँगनीज बऱ्यापैकी असलेलं, पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड केलेलं पोलाद काळं होतं. निकेल असलेलं आम्लाला दाद देत नाही, चकाकत राहतं. कार्बनच्या फरकावर मात्र भरवसा ठेवता येत नाही. सांधायच्या आचेला, म्हणजे साडेबाराशे अंशाच्या आसपास, कार्बन एका थरातून दुसऱ्यात सरकतो आणि पातळ थरांत बघता बघता सारखा होतो. निकेल आणि मँगनीज जागचे फारसे हलत नाहीत.

तोंडी सांगून अण्णांना पटेना, म्हणून मी सगळ्याचे बोटभर तुकडे कापले. सोबत माझ्याकडचे दोन घेतले. एक ओएचएनएस, हे डाय करणाऱ्यांचं नेहमीचं पोलाद, आणि दुसरा मोंढ्याजवळच्या आरागिरणीतून आणलेला लाकूड कापायच्या पट्ट्याचा तुकडा. अशा पट्ट्यांत निकेल घालतात, सगळ्यांत नाही, त्यामुळे प्रत्येक पट्टा तपासूनच घ्यावा लागतो. तुकडे तापवले, चुंबक धरेनासं झाल्यावर आणखी थोडी आच दिली आणि तेलात सोडले. मग घासून फेरिक क्लोराइडमध्ये टाकले. हे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, सर्किट बोर्डाचं तांबं खायला वापरतात.

चहा होईपर्यंत तुकडे बाहेर काढले आणि सोड्याच्या पाण्यात धुतले. बेअरिंग करडं, कमानपाटा त्याहून किंचित गडद. दोन्ही शेजारी धरल्यावर अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "ह्यात फरक कुठं हाय?" ओएचएनएस काळंकुट्ट झालं होतं. पट्ट्याचा तुकडा मात्र आत टाकला तसाच, चांदीसारखा बाहेर आला. पुढं मला बोलावंच लागलं नाही.

बेअरिंगचा आणखी एक त्रास असतो. ते एन एकतीस नावाच्या जातीचं पोलाद, त्यात कार्बन एक टक्का आणि क्रोमियम एक ते दीड. थर सांधताना टाकतो तो टाकणखार लोखंडाचा पापुद्रा विरघळवतो, क्रोमियमचा त्याला सहज दाद देत नाही. थर वरून जुळल्यासारखे दिसतात आणि घासायला घेतलं की मधून केसाएवढी फट उघडते. कमानपाट्यात सिलिकॉन असतं, आणि वर्षानुवर्षं ओझ्याखाली वाकलेल्या पानात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. फुकटचं पोलाद कधी कधी फार महाग पडतं.

धावेनं मात्र मलाही थांबवलं. करवतीनं अर्ध्यापर्यंत काप दिला, व्हाइसमध्ये धरली आणि घणानं वाकवली. कट्कन तुटली असती तर साधं माइल्ड स्टील. ही तुटली नाही, उकलली. आतून उभे तंतू, आणि तंतूंमध्ये कीटाच्या बारीक काळ्या रेषा. जुनं घडीव लोखंड. असं आता भंगारातही क्वचित सापडतं.

अण्णांचा हट्ट की हे पात्यातच घाला. माझं मत वेगळं पडलं. ओएचएनएसला तेलात पाणी बसतं, घडीव लोखंड मऊचं मऊ राहतं, आणि दोघं एकाच पात्यात शेजारी असले की हातभर लांबीचं पातं तेलाच्या टाकीतून वाकडंच बाहेर येतं. शिवाय ओएचएनएसमधला कार्बन लोखंडात गेला की काळा थर फिका पडणार. म्हटलं, मूठ आणि परज, म्हणजे मुठीपुढची आडवी पट्टी, धावेची करू. तिथं पाणी द्यायचंच नाही, आम्लात तंतू लाकडाच्या रेषांसारखे उठतील. "म्हणजे हातात आजोबाच आले की," अण्णा म्हणाले, आणि तो विषय मिटला.

हजार थरांचं मी शंभराच्या आत आणलं. भिंतीवरची तलवार चार पावलांवरून बघतात. तिथून हजार थर नुसते करडे दिसतात, जाड थरांचं वळण दिसतं.

मग अण्णांनी मोबाइल काढला. हे खरं दमास्कस नाही, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. सांगणाऱ्याचं बरोबरच होतं. जुन्या दमास्कस पात्यांची नक्षी थर सांधून होत नव्हती. मुशीत वितळवलेल्या, दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या पोलादाच्या आतच ती उमटायची. आणि ते पोलाद आपल्याच दख्खनचं. नांदेडच्या पलीकडे निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचं गाव आहे, 1948 पर्यंत आपण आणि ते एकाच निजामी राज्यात. एकोणिसाव्या शतकातल्या हेन्री व्हॉयसी या भूगर्भशास्त्रज्ञानं त्या गावच्या भट्ट्यांचं वर्णन लिहिलंय, त्यात पोलाद न्यायला इस्फहानहून आलेला व्यापारी भेटतो. अण्णा खूश झाले. नांदेडला त्यांची सोयरीक आहे.

पातं आरागिरणीचा पट्टा आणि ओएचएनएसचं, मूठ धावेची, म्यान सागाचं. म्यान कायम चढवून ठेवू नका, पावसाळ्यात आत ओल धरते, आणि तेलाचा हात फिरवत जा, एवढं बजावलं. पावतीवर 'शोभेची, बिनधारेची' लिहिलं आणि निम्मे पैसे आगाऊ घेतले.

"दसऱ्याला पूजेत नारळ तरी फुटंल का हिनं?"

"नारळ पायरीवर फोडा, अण्णा."