मी आधी अडचण शोधते

“तुम्हाला एवढं छान छान सुचतं कुठून हो?” हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, बँकेच्या रांगेत विचारला गेलाय, आणि एकदा तर दातांच्या दवाखान्यात, माझं तोंड उघडं असताना. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक एखादी बाग असते, झोपाळा असतो, खिडकीबाहेर पाऊस असतो. सोलापुरात पाऊस! माझी खिडकी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, टॉवेलच्या कारखान्यात. दुपारपर्यंत मी तिथे सुताची आवक, मजुरी आणि जीएसटी लिहिते. मार्च लागला की पंखा गरम हवाच इकडून तिकडे करतो. गोष्टींचं काम रात्री, भांडी घासून झाल्यावर.

मी चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहिते. प्रकाशकांच्या भाषेत ‘सकारात्मक बालसाहित्य’. ते फोनवर सांगतात, “ताई, मुलांना उभारी मिळेल असं काहीतरी द्या, शेवट गोड असू दे.” गोड शेवट मलाही आवडतो. पण त्याआधी ऐकणाऱ्या पोराच्या पोटात गोळा आला पाहिजे. ज्या गोष्टीत पहिल्या पानापासून सगळे हसतच असतात, सूर्य हसतो, झाड हसतं, बेडूकसुद्धा हसतो, ती गोष्ट मी वाचून दाखवायला लागले की तिसऱ्या पानाला मागच्या रांगेत चपला लपवायचा खेळ सुरू होतो. म्हणून प्रेरणाबिरणा शोधायच्या भानगडीत मी पडत नाही. मी लहान मुलांच्या अडचणी शोधते. त्या मात्र आमच्याकडे चिक्कार.

शनिवारी संध्याकाळी मी कुंभारीला जाते, विडी घरकुलात. विडी वळणाऱ्या बायकांसाठी उभी राहिलेली ही दहा हजार घरांची वसाहत, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ साली घरांचा ताबा मिळाला. माझी अम्माही विडीच वळायची, नाना यंत्रमागावर होते, त्यामुळे तिथल्या कुठल्याही दारात गेलं की तंबाखूचा वास आणि तेलुगू हेल दोन्ही ओळखीचे. एका अक्कांच्या अंगणात सतरंजी पडते, पोरं जमतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी स्वतःच चुकले होते. गल्लीमागून गल्ली, सगळी घरं एका मापाची, एकाच तोंडवळ्याची. मी एका मुलीला विचारलं, “तू कशी ओळखतेस गं तुझं घर?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की हिला काहीच कसं कळत नाही. मग बोट मोडत सांगितलं. कोपऱ्यावर एक कुत्री झोपते, ती ओलांडायची. मग एका घरातून शिलाई मशीनचा आवाज येतो. त्याच्या पुढच्या घरी सारखं कुणीतरी खोकतं. मग आमचं. “आणि कुत्री उठून गेली तर?” “मग खोकल्यापासून मोजायचं.”

यातच सगळं आलं. एकसारख्या घरांत आपलं घर न सापडणं, ही पाच वर्षांच्या मुलीची केवढी मोठी धास्ती आहे! आणि तिने तिच्यापुरता तिचा बंदोबस्तही करून ठेवलाय. मला फक्त एक संध्याकाळ शोधायची होती, जेव्हा कुत्री उठून गेलीय, वीज गेल्याने मशीन बंद आहे आणि खोकणारे आजोबा औषध घेऊन शांत झोपलेत. तिथून पुढे गोष्ट आपोआप चालायला लागली. शेवटाला त्या गल्लीतली प्रत्येक बाई आपल्या दारावर काहीतरी खूण काढते: कुणी हाताचा ठसा, कुणी मासा, कुणी नुसतं वाकडंतिकडं वर्तुळ. आता शेजारी रे नगर उभं राहिलंय, तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. म्हणजे माझ्या त्या गोष्टीला गिऱ्हाईक वाढलंय म्हणायचं.

‘आणखी दोन कट्टे’ या गोष्टीवरून मात्र भांडण झालं.

कट्टा म्हणजे पंचवीस विड्यांचा जुडगा. आमच्या घरात वेळ कट्ट्यांवर मोजली जायची. “अम्मा, वेणी घाल ना.” “दोन कट्टे होऊ दे.” शाळेची घंटा जवळ आलेली, रिबीन हातात, आणि समोर अम्माचे हात. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन बोटांत गोल फिरवायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. सूप मांडीवर. ती माझ्याकडे बघायची, पण हात विडीकडेच बघत असायचे. दिवसाला हजाराचा हिशेब असतो, आणि कारखान्यात तपासणारा वेड्यावाकड्या विड्या छाट म्हणून बाजूला काढतो, म्हणजे तेवढी मेहनत पाण्यात. एवढं सगळं तिच्या डोक्यात, आणि माझ्या डोक्यात फक्त वेणी.

ही गोष्ट मी लिहिली तेव्हा संपादकबाई म्हणाल्या, लहान मुलांच्या पुस्तकात विडी नको, तंबाखूची जाहिरात होईल. आईला गजरे करणारी दाखवा, दिसायलाही छान. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तंबाखूचं कौतुक मलाही करायचं नाही, अम्माच्या छातीत शेवटी काय काय साठलं होतं ते मी जवळून पाहिलंय. पण सोलापुरात हजारो घरांतल्या पोरांनी आपली आई कुठल्याच पुस्तकात पाहिलेली नाही. तिला तिथे आणायचं आणि येताना तिच्या हातातलं काम बदलून आणायचं, हे मला जमेना. शेवटी विडी राहिली. कुणी ओढताना मात्र एकाही चित्रात दिसत नाही. गोष्टीतली मुलगी कट्टे मोजता मोजता पंचवीसचा पाढा शिकते आणि वर्गात गुरुजींच्या आधी उत्तर सांगते. वेणी शेवटी घातली जाते, पण शाळेत पोचल्यावर, मैत्रिणीच्या हातून, तिरकी. वाचताना पोरी सगळ्यांत मोठ्याने याच पानाला हसतात.

लोक मला विषय सुचवत असतात. सगळ्यांत जास्त सुचवला जाणारा विषय म्हणजे गड्डा. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे. खरंच डोळ्यांचं पारणं फिटतं, पण पारणं फिटलं की माझ्या हाताला काही लागत नाही. मला आवडतो तो यात्रेच्या आधीचा सराव. थंडीतल्या रात्री पेठांमधून नंदीध्वजाची ती उंच काठी पेलायचा सराव चालू असतो, पोरंसोरं स्वेटर घालून मागे मागे. एखादा नवा गडी चार पावलं जातो, काठी कलते, बाकीचे धावतात, सावरतात. पुन्हा पहिल्यापासून. कुणी त्याला हसत नाही. का? कारण जे सावरायला धावतात ते सगळे कधीतरी असेच डगमगलेत. यावर लिहायचंय. अजून जमलेलं नाही, कारण लहान मुलाची जागा त्यात कुठे, ते मला दिसत नाही.

दुसरी मागणी थोरांच्या चरित्रांची. डॉ. कोटणीस आमच्या गावचे, १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक, १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं बत्तीस. भय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. तिथे मुलांना घेऊन गेले होते. त्याग, सेवा, मैत्री हे शब्द माझ्या तोंडून निघत होते तेवढ्यात एकाने विचारलं, “त्यांना चिनी यायचं का?” नंतर शिकले, म्हटलं. “मग पहिल्या दिवशी भूक लागलीय हे कसं सांगितलं?” बाकीचे लगेच हातवारे करून दाखवायला लागले. त्याग-सेवेचं माझं भाषण तिथेच बुडालं, आणि बरंच झालं. कोटणीसांवर कधी लिहिलंच तर त्या भुकेपासून सुरू करेन.

सध्या ज्या पुस्तकाने झोप उडवलीय ते माळढोकाचं. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजचं अभयारण्य, १९७९ सालचं. मीटरभर उंचीचा पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि एवढ्या वजनाचा असून उडतो. पूर्वी आमच्या माळरानावर हे दिसायचे. आता नान्नजला जाऊन काळवीट दिसतील, माळढोक दिसेलच याची कुणी हमी देत नाही. सगळ्या देशातच थोडे उरलेत, बहुतेक राजस्थानात. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर, जमिनीवर. कुत्री, कोल्हे, गुरांचे खूर, सगळ्यांतून ते वाचायचं.

आता यावर उभारी देणारं पुस्तक कसं लिहायचं, सांगा. सोपी वाट आहे: एक शूर मुलगा, एक जखमी पक्षी, शेवटच्या पानावर आभाळभर थवा. हे मी लिहू शकत नाही. आठ वर्षांचं पोर पुस्तक मिटून बापाला म्हणणार, चला नान्नजला, थवा बघू. आणि तिथे गवत. पुस्तकाने फसवलं की मूल पुस्तकावरच रुसतं, मग त्याला परत जवळ आणणं फार अवघड.

म्हणून मी घरकुलात पोरांना गोष्ट न सांगता नुसती माहितीच सांगितली. म्हटलं, या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे उडताना समोरचं नीट दिसत नाही. विजेच्या तारा येतात मध्ये, अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही, आणि धडकतात. सगळे गप्प. मलाही वाटलं, नको ते सांगून बसले. तेवढ्यात एक बारका, नेहमी पायरीवर बसणारा, म्हणाला, “अक्का, तारंला चिंधी बांधा की.”

“कसली चिंधी?”

“लाल. आमच्या अव्वानं बांधलीय. कपडे वाळत घालायच्या तारंला. नाना रात्रपाळीवरनं यायचे, अंधारात गळ्याला तार लागायची. आता लागत नाय.”

आणि गंमत म्हणजे हे खरंच करतात. पक्ष्यांना लांबून दिसाव्यात म्हणून तारांवर चकत्या लटकवतात. या तारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंय, २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला, २०२४ मध्ये तो बदलून समिती नेमली. एवढे मोठमोठे लोक ज्यावर डोकं लावून बसलेत, तिथपर्यंत हा गडी आजीच्या वाळत घालायच्या तारेवरून पोचला. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो फारसा चकित झाला नाही. “मग बांधल्या का सगळीकडं?” एवढंच विचारलं. नाही रे, सगळीकडे नाही. “का?”

या ‘का’ला माझ्याकडे मुलांना पटेल असं उत्तर नव्हतं, आणि त्या क्षणी पुस्तक मिळालं. नायक हाच. त्याला वाटतं नान्नजच्या प्रत्येक तारेला अव्वाची लुगडी फाडून चिंध्या बांधाव्यात. विजेच्या तारेला हात लावायचा नाही हे अव्वा त्याला ठणकावून सांगते (हे पान मी दोनदा वाचून दाखवते, उगाच कुणी खांबावर चढायला नको). मग तो काय करतो? पत्रं लिहितो. वीज मंडळाला, वनखात्याला, सरपंचाला, प्रत्येक पत्राला टाचणीने एक लाल चिंधी टोचून. त्याच्या मावश्या शिवणकामातल्या कातरणी आणून देतात. पोस्टातल्या माणसाला कळेनासं होतं की या पाकिटांतून चिंध्या का डोकावतायत. चोवीस पानांतली चार पानं मी नुसती पाकिटांना दिलीत, चित्रकाराला तिथे मोकळं रान.

शेवटाचं मात्र घोंगडं भिजत पडलंय. माझ्या शेवटात एका तारेवर चकत्या लागतात. एकाच. मुलगा आणि अव्वा दिवसभर माळावर बसतात, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपते, माळढोक काही येत नाही. संध्याकाळी मुलगा म्हणतो, पुढच्या रविवारी भाकऱ्या जास्त आणू. कच्चा खर्डा घरकुलात वाचला तेव्हा मला धाकधूक होती, पण पोरांना काही वाटलं नाही. पक्षी आला नाही तर परत जायचं, त्यात काय एवढं! त्यांची चर्चा भाकऱ्या किती न्यायच्या यावरच चालू.

प्रकाशकांना वाटलं. पुण्याहून फोन आला, “ताई, निदान थवा नको, पण शेवटी काहीतरी दिसू दे ना.” मी म्हटलं थवा जन्मात देणार नाही. मग घासाघीस होऊन एका पिल्लावर ठरलं. पिल्लाला माझी हरकत नाही, पिल्लं आहेत, जैसलमेरकडे अंडी उबवून वाढवतायत. फक्त ते मातकट रंगाचं असतं, वाळल्या गवतात बसलं की डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. चित्रकाराला म्हटलं, तसंच काढ, नायकाला आणि अव्वाला दिसू देऊ नकोस, वाचणाऱ्या पोरांना शोधू दे. तो दोन दिवस खूश होता. काल त्याचा मेसेज आलाय: गवताची काडी न् काडी काढायची म्हणजे त्या पानाचे वेगळे पैसे पडतील.