तुम्ही विचारलंत म्हणून : नानांना राग येत नसे का?

माहिती अधिकाराच्या कामात मी नानांबरोबर अकरा वर्षे होतो आणि ते गेल्यापासून भेटेल तो मला एकच गोष्ट विचारतो : कार्यालयांची इतकी टोलवाटोलवी सोसूनही या माणसाला राग कसा येत नसे? नानांना राग येत असे, चांगलाच येत असे. पण तो कोणावर काढायचा, याबाबत ते फार काटेकोर होते.

२००५ चा माहिती अधिकार कायदा त्यांना तोंडपाठ होता आणि त्यांच्या मृदूपणाचे मूळ मला तिथेच दिसते. माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराने सांगण्याची गरज नाही, ही कलम ६ मधली तरतूद ज्याला नेमकी ठाऊक आहे, त्याला दरडावणाऱ्या लिपिकाशी हुज्जत घालावी लागत नाही; तो कलम सांगतो, पोच मागतो आणि ती मिळेपर्यंत बाकावर बसून राहतो. मी मात्र आवाज चढवत असे आणि परतताना माझ्या हातात बहुधा पोचही नसे.

आमचे खरे भांडण झाले ते कलम २० वरून. वाजवी कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे अर्जांना उत्तर देण्यासाठी कार्यालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याला, दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. एका पाणी योजनेच्या मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापे ज्यांत नोंदवतात त्या वह्या) आम्ही मागितल्या होत्या, उत्तराच्या मुदतीचे तीस दिवस कधीच उलटून गेले होते, पहिले अपीलही वाया गेले होते आणि माहिती आयोगापुढच्या दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीसाठी मी दंडाची मागणी करणारे दोन पाने भरून निवेदन तयार ठेवले होते. नानांनी ते वाचले आणि बाजूला सारले. समोरचा अधिकारी अतिरिक्त कार्यभार सांभाळणारा, नवखा होता; त्याने पुस्तिका दोनदा लेखी मागूनही वरच्या माणसाने त्या सोडल्या नव्हत्या, हे नानांनी आधीच आवक-जावक नोंदींवरून शोधून काढले होते. ज्याची मदत मागितली तो अधिकारीही दंडापुरता जन माहिती अधिकारीच मानला जातो, हे कलम ५ मधले वाक्य त्यांनी शांतपणे वाचून दाखवले आणि दंड मागितला तो त्या वरच्या माणसावर. मला त्या दिवशी ही भलत्याच ठिकाणी दाखवलेली दया वाटली. (निवेदन माझे होते, हेही त्यामागचे एक कारण असावे.) दंड झाला नाही, पण पुस्तिका आल्या, आणि मुदत टळल्यामुळे विनामूल्य आल्या.

ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची तोंडी विनंती लिहून घेण्यास अधिकाऱ्याने मदत करावी, असे कायदा सांगतो. तरी नाना असे अर्ज स्वतः लिहीत, मोठ्याने दोनदा वाचून दाखवत आणि मगच अंगठा घेत. महाराष्ट्रात २०१२ मध्ये अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आली, तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो. ते एवढेच म्हणाले, "विशेषणे काढा, जागा होईल."

ते गेल्यावर त्यांच्या कपाटातली प्रकरणे माझ्याकडे आली. एका विधवा बाईंच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जाला उडवाउडवीचे उत्तर मिळाले होते आणि पहिल्या अपिलाच्या मुदतीचे सहाच दिवस उरले होते. पहिल्या अपिलाचा नमुना, जोडपत्र 'ब', भरून तयार होता, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही लावलेला होता, आणि वर पेन्सिलीने लिहिले होते : "बाईंना विचारल्याशिवाय देऊ नये. मुलगी त्याच कार्यालयात कंत्राटी आहे."

प्रकरण पक्के होते. पूर्वीचा मी सही आणायलाच धावलो असतो. मी जाऊन विचारले. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी नको म्हणाल्या. मुदत गेली. तो अर्ज स्टॅम्पासकट अजून त्या फाइलीत आहे.