बाळाला उशा लावून बसवायचं नाही म्हणे

"पोरं सांभाळायचं शिकायला एवढ्या लांब न्यूझीलंडला?" हे मामापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी ड्युनेडिनला आहे, दक्षिण बेटावर, थंडी म्हणाल तर हाडं गोठवणारी. पण बालविकास शिकणाऱ्यांची ही पंढरीच. इथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास ती तीन वर्षांची असताना सुरू झाला तो अजून चालूच आहे, आता ती 'मुलं' पन्नाशी ओलांडून गेली तरी त्यांचे दात, फुप्फुसं, मनःस्थिती, पैशाचे व्यवहार सगळं तपासतात. लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा कमी होता त्यांना मोठेपणी तब्येतीच्या आणि पैशाच्या अडचणी जास्त आल्या, हे त्यातूनच कळलं.

प्रत्यक्ष बालवाडीत गेलं की मात्र वेगळंच. इथला राष्ट्रीय अभ्यासक्रम 'ते फारिकी', १९९६ चा, २०१७ मध्ये सुधारलेला. त्यात अमुक वयात अमुक आलंच पाहिजे अशी यादीच नाही. मार्कांऐवजी 'लर्निंग स्टोरी' लिहायची, म्हणजे पोराने काय केलं, कुठे अडलं, मग काय शक्कल काढली, ते गोष्टीसारखं, आणि ती घरचे पण वाचतात. चार वर्षांची मुलगी सुतारकामाच्या टेबलावर खिळा ठोकत होती (खरा हातोडा, प्लास्टिकचा नाही!), खिळा वाकला, तिने दुसरा घेतला, आणि मी हात मागे बांधून नुसती बघत उभी. हे फार अवघड असतं हो. आपला हात आपोआप पुढे जातो.

सगळ्यात गाजलं ते तान्ह्या बाळांचं. एमी पिक्लर नावाच्या हंगेरियन बालरोगतज्ज्ञ होत्या, त्यांचं म्हणणं, बाळ स्वतःहून बसेपर्यंत त्याला बसवायचं नाही. आई फोनवर भडकलीच, "तुला उशा लावूनच बसवलं होतं, काय बिघडलं?" बिघडलं काहीच नाही, पण बसवलेल्या बाळाला त्यातून सुटता येत नाही, आणि कुशीवर वळत, कोपरावर रेलत स्वतः बसलेलं बाळ परत आडवंही होऊ शकतं, हे मला पटलंय. डायपर बदलताना "आता पाय उचलते हं" असं बाळाला सांगायचं हेही पिक्लरबाईंचंच, त्यावर आई म्हणाली, आजी न्हाऊ घालताना दुसरं काय करायची? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता प्रेझेंटेशन आहे, आपापल्या देशातलं उदाहरण द्यायचंय. मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ घेतल्यात, १९४५ ला बोर्डीत सुरू झालेलं काम, पुढे कोसबाड, आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच भरवलेली बालवाडी. कुणाकडे तिथले जुने फोटो असतील तर पाठवा ना, नेटवर मिळालेत ते फारच पुसट आहेत.