चिऱ्यांच्या मुलखात मातीचा किल्ला

गोव्यात दिवाळीचा किल्ला बांधायचा म्हटलं की पहिलं भांडण मातीशी. देशावरची काळी माती इथे नाही. परसात कुदळ मारली की लाल माती लागते, तीही निम्मी खडी. ती तडकते कमी, पण धरतही नाही. वाळलेल्या भिंतीवरून नुसतं बोट फिरवलं तरी भुगा पडतो. दुसऱ्या टोकाला खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतला, गाळ. तो लोण्यासारखा मऊ, हातात घेतला की वापरायचा मोह होतोच. पण त्यात मीठ असतं. भिंत वाळली की अंगावर पांढरी खर येते आणि मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं, त्यामुळे संध्याकाळी सुकलेली भिंत सकाळी पुन्हा ओलसर लागते. हा गाळ किल्ल्याला नकोच. समुद्राच्या वाळूचंही तेच. नदीची वाळू मिळालीच नाही तर समुद्राची वाळू गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्यावी. वारुळाची माती बारीक आणि चिवट असते, पण इथे रोयण, म्हणजे वारूळ, सातेरी देवी म्हणून पुजतात. तिला कुणी कुदळ लावत नाही, आपणही लावू नये.

जमणारं मिश्रण असं: चाळलेली लाल माती ४ घमेली, चतुर्थीच्या मूर्तीला वापरतात ती चिकणमाती २ घमेली, वाळू १ घमेलं. चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे, चतुर्थीनंतर थोडीफार चिकणमाती उरलेली असते, तिथे आधी विचारावं. नारळाची सोडणं कुटून काथ्या काढायचा, त्याचे २-३ सेंटीमीटरचे तुकडे करायचे आणि दर घमेल्याला दोन मुठी घालायचे. माती वाळताना आकसते आणि सुटू पाहते, हे तंतू तिला बांधून ठेवतात. लांब काथ्या घातला तर तो सुरीत अडकतो आणि कड फाटते. सगळं रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी पायाने तुडवावं.

बांधकामाआधी चाचणी चुकवू नये. दोन बोटं जाड पट्टी थापायची, तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटर अंतरावर दोन रेघा मारायच्या आणि सावलीत सुकवायची. अंतर साडेनऊपेक्षा खाली गेलं तर वाळू वाढवा. तेवढंच राहिलं, पण पट्टी हातात चुरली तर चिकणमाती वाढवा.

मग आकार. बाजारात मिळणारे मावळे बहुधा तीन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेसात सेंटीमीटर. साडेपाच फुटी माणूस एवढा झाला तर प्रमाण साधारण १:२२ होतं आणि ६ मीटरची तटबंदी २७ सेंटीमीटर उंच करावी लागते. तेवढी नुसती मातीची भिंत उभी राहत नाही. ५ सेंटीमीटरचे मावळे मिळाले तर प्रमाण १:३३ आणि तट १८ सेंटीमीटर, तोही आत विटांचे तुकडे घालूनच. बहुतेक जण तट ८-१० सेंटीमीटरचा करतात. त्यात काही पाप नाही. मात्र मग मावळे तटावर उभे करू नयेत, नाहीतर राक्षस गड राखायला बसल्यासारखे दिसतात. मोठे मावळे पायथ्याला, पुढे ठेवावेत. डोळा फसतो.

चार फूट बाय तीन फूट जागा पुरे. डोंगराचा सांगाडा चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, तुकड्यांचा, मधल्या पोकळीत नारळाची सुकी सोडणं. त्यावर गोणपाट पातळ चिखलात बुडवून घट्ट ओढून घ्यायचं आणि वर दोन सेंटीमीटरचा थर द्यायचा. नुसता मातीचा ढीग रचला तर आतला भाग आठवडाभर ओला राहतो. वरचं कवच सुकून आकसतं, आतलं आकसत नाही आणि डोंगर उभा चिरतो.

तट वळकट्यांनी चढवावा: तळाशी तीन सेंटीमीटर जाड, माथ्याला दोन, बाहेरची बाजू आत कललेली. एका दिवशी चार सेंटीमीटरपेक्षा जास्त उंची नको. खालचा थर फुगतो. दुसऱ्या दिवशी वरची कड ओल्या फडक्याने मऊ करायची, सुरीने आडवेतिडवे चरे पाडायचे, पातळ चिखल लावायचा आणि मगच पुढची वळकटी ठेवायची. सुकलेल्या मातीवर ओली माती थेट बसवली तर ती सुकताना एकटीच आकसते आणि सांध्यातून अख्खी पट्टी उचलली जाते.

बुरुजात सर्वांत जास्त हात फसतो. पट्टी बाटलीभोवती गुंडाळतात आणि बाटली तशीच आत ठेवतात. माती आत आकसायला बघते, काच हलत नाही, बुरूज वरपासून खालपर्यंत फाटतो. बाटलीला आधी वर्तमानपत्राचे दोन वेढे द्यावेत, त्यावर पट्टी गुंडाळावी आणि अर्ध्या तासाने बाटली हलकेच फिरवून वर काढावी. कागद आतच राहिला तरी चालतो, तो दबतो.

चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) आणि जंग्या (तटातली मारा करायची भोकं) ओल्या मातीत कापू नयेत, कडा ओघळतात. बोट दाबल्यावर ठसा उमटतो पण माती बोटाला चिकटत नाही, ती वेळ साधायची. चर्यांना पातळ सुरी, जंग्यांना झाडूचा हीर. चिऱ्यांच्या रेघाही हिरानेच माराव्यात. चिरा खरा असतो साधारण फूटभर लांब, म्हणजे १:३३ला एक सेंटीमीटरच्या आत. लोक तीन-तीन सेंटीमीटरचे दगड कोरतात आणि किल्ला खेळण्यातला वाटू लागतो. रंगाची मात्र चैन आहे. कोरजुवे, शापोरा हे चिऱ्यांचेच किल्ले, त्यामुळे आपल्या लाल मातीवर पातळ गेरू फिरवला की झालं.

कुठला किल्ला? पहिल्यांदा करत असाल तर कोरजुवे: छोटा आटोपशीर आवार, कोपऱ्यांना बुरूज. आग्वाद १६१२चा, त्याचे कोन आणि कलते तट तोफांच्या हिशेबाने बांधलेले आहेत. त्याला मराठी धाटणीचा गोमुखी, म्हणजे दोन बुरुजांच्या वळणाआड लपलेला, दरवाजा चिकटवू नये. फोंड्याचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये घेतला आणि १६८३ मध्ये पोर्तुगीजांनी घातलेला वेढा संभाजी महाराजांनी मोडून काढला. देखावा करायला प्रसंग उत्तम, पण मूळ किल्ल्याचं फारसं काही उरलेलं नाही. तिथे नकाशा आपल्या कल्पनेचा असणार, हे पाटीवर लिहून टाकावं.

दिवाळी लवकर आली तर दुपारनंतरची एखादी सर ठरलेलीच. प्लास्टिक थेट मातीवर टाकू नये, आतून घाम सुटतो आणि चर्या गळतात. चार काठ्या उभ्या करून वर ताणावं, बाजू उघड्या ठेवाव्यात. उन्हातही सुकवायला नको, बाहेरची कातडी आधी ताणली जाते. काम नरकचतुर्दशीच्या आठ दिवस आधी सुरू करावं आणि दोन दिवस आधी संपवावं, कारण नंतर वाड्यावरची पोरं जाळायचा नरकासुराचा पुतळा करण्याच्या मागे असतात. मग माती तुडवायला कुणी मिळत नाही.

हिरवळीला हळीव. मोहरी उतारावरून घरंगळते, हळीव भिजला की चिकट होतो आणि पडला तिथेच बसतो. चार-पाच दिवस आधी ओल्या उतारावर कोरडाच विरळ पेरावा आणि पाणी फवाऱ्याने द्यावं, फक्त उतारावर. ही माती भाजलेली नाही. तटाच्या पायाशी पाणी मुरलं की तट बसतो. बाकी जागेवर कुंपणाच्या भिंतीवरचं पावसाळी शेवाळ खरवडून लावलं तरी भागतं.

सुकल्यावर केसासारख्या चिरा पडणारच. त्या ओल्या मातीने बुजवल्या तर शेजारी नव्या पडतात. तीच माती कोरडी, बारीक चाळून ब्रशने चिरेत भरायची आणि वरून नुसतं पाणी शिंपडायचं. पणती तटावर ठेवायची असेल तर खाली कौलाचा तुकडा द्यावा, नाहीतर तेल मुरून काळा डाग पडतो. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला फोडाल तेव्हा हळिवाची मुळं वेचून माती गोणीत भरून ठेवा. काथ्या मात्र पुढच्या वर्षी नवा घाला, जुना कुजलेला असतो.