मस्ट पुसून माइट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा असा मेसेज आला, आणि खरं सांगायचं तर डोक्यात फक्त इंग्रजीचे सरच येतायत, बाकीच्या शिक्षकांनी रागावू नये.

मोडल ऑक्झिलिअरी, म्हणजे इंग्रजीतली कॅन, मे, मस्टसारखी सहायक क्रियापदं, बहुतेकांसाठी घोकायचा तक्ता. कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती, झालं. सरांनी तक्ता कधी दिलाच नाही. नियम मात्र पक्के करून घेतले, ह्यांना एस लागत नाही, आयएनजी लागत नाही, प्रश्नाला डू-डिड नको, पुढे मूळ क्रियापद आणि मध्ये टू घुसवला की खडू अंगावर आलाच (ऑट टू सोडून).

कंपासपेटीचा किस्सा आमच्या बॅचला आठवत असेल. मधल्या सुट्टीनंतर एकाची पेटी गायब, आणि अख्खा वर्ग शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचं नाव घेऊन मोकळा. सर आले, ऐकून घेतलं, ओरडले नाहीत, फळ्यावर लिहिलं, 'ही मस्ट हॅव टेकन इट', म्हणजे त्यानेच घेतली असणार. कोणी बघितलं? कोणीच नाही. मस्ट पुसून माइट केलं, म्हणजे कदाचित घेतली असेल. मग कोणीतरी पुटपुटलं की तो तर सुट्टीभर ग्राउंडवर आमच्यातच खेळत होता. माइटही पुसलं, कान्ट लिहिलं, म्हणजे त्याने घेतली असणं शक्यच नाही, आणि पुढचा धडा सुरू. पेटी नंतर सापडली, कुठे ते काही आठवत नाही. तो मुलगा मात्र पुढे पहिल्या बाकावर बसायला लागला.

मी आता सॉफ्टवेअरची टेक्निकल डॉक्युमेंट्स लिहितो. इंटरनेटच्या नियमांसाठी १९९७ साली आरएफसी २११९ नावाचं डॉक्युमेंट आलं, त्यात मस्ट म्हणजे पर्यायच नाही, शुड म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम माहीत असतील तरच सोडा, मे म्हणजे तुमची मर्जी, असं ठरवूनच दिलंय. टीममधली नवी मुलं मस्ट नॉट आणि नीड नॉट एकच समजतात, एक सरळ बंदी आहे आणि दुसऱ्यात नुसती गरज नाही, तेव्हा सर फार आठवतात.

हल्ली भाच्याच्या वहीत नुसत्या रिकाम्या जागा, चार पर्याय, एकावर टिक. कुड आणि मे दोन्ही बसत असले तरी उत्तर एकच बरोबर! मला हे अजिबात पटत नाही. सर आधी विचारायचे, बोलणारा कोण, ऐकणारा कोण? मित्राकडे पेन मागताना कॅन आय, हेडमास्तरांकडे रजा मागताना मे आय, आणि हे ठरल्याशिवाय रिकाम्या जागेला पेन लावू द्यायचे नाहीत.