‘मुंबई उपनगर’ मतदारसंघाचा माग काढताना

लोकसभेच्या इतिहासात ‘मुंबई उपनगर’ या नावाचा मतदारसंघ एकाच सार्वत्रिक निवडणुकीत आढळतो. १९५१-५२ मध्ये तेथून काँग्रेसच्या जयश्री रायजी निवडून आल्या आणि १९५७ च्या यादीतून ते नाव नाहीसे झाले. मी घाटकोपरला राहतो. आपल्या बाजूच्या उपनगरांचे पहिल्या लोकसभेपासूनचे सर्व खासदार क्रमाने मांडून ठेवावेत, या इच्छेने मी हे काम हाती घेतले. ते कसे करावे लागले हे सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या भागाचा असा इतिहास जमवू पाहणाऱ्या प्रत्येकाला याच वाटेने जावे लागेल.

सुरुवात निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांपासून केली. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीच्या या अहवालांत मतदारसंघ, उमेदवार, पक्ष, मते आणि टक्केवारी मिळते. मात्र मतदारसंघात कोणता भूभाग होता, हे त्यांत नसते. त्यामुळे ज्याच्या हाती फक्त अहवाल आहेत, तो नावाला नाव जुळवत पुढे जातो आणि १९५२ चा ‘मुंबई शहर उत्तर’ व १९५७ चा ‘मुंबई शहर उत्तर’ यांना एकच समजतो. मुंबईच्या बाबतीत सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो.

१९५२ चा ‘मुंबई शहर उत्तर’ हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर वि. बा. गांधी आणि राखीव जागेवर नारायण काजरोळकर हे काँग्रेसचे दोघे निवडून आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला तो येथेच: काजरोळकरांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. हे आकडे मी अनेकदा वाचले होते. पण मूळ तक्त्यात, इतर उमेदवारांच्या ओळींमध्ये ते पाहताना हात थांबला. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या घटनेखालील पहिल्याच निवडणुकीत पराभूत झाला, ही गोष्ट तक्त्यातील एका साध्या ओळीत नोंदलेली आहे.

१९५७ मध्ये द्विसदस्य जागा ‘मुंबई शहर मध्य’ येथे गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तेथून कॉम्रेड डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे गो. का. माने निवडून आले. ‘उत्तर’ हे नाव मात्र आता एकसदस्य झाले आणि वरच्या अंगाला, उपनगरांकडे सरकले. तेथे काँग्रेसचे व्ही. के. कृष्ण मेनन यांनी प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस यांना हरवले. हेच अल्वारिस पुढे गोव्यातील पणजीचे खासदार झाले. म्हणजे जयश्री रायजींच्या उपनगरी मतदारांचा धागा ‘मुंबई शहर उत्तर’ या नावाखाली मेननांपर्यंत येतो, आणि बाबासाहेबांच्या निवडणुकीचा धागा ‘मध्य’कडे जातो. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाल्यावर १९६२ मध्ये काजरोळकर ‘मध्य उत्तर’मधून आणि गांधी ‘मध्य दक्षिण’मधून निवडून आले, यावरूनही तोच माग पक्का होतो. बाबासाहेब आणि मेनन एकाच मतदारसंघातून उभे होते, असे विधान मी भाषणांतही ऐकले आहे. ते खरे नाही, आणि ते पुसले जावे असे मला मनापासून वाटते.

नावाखालची जमीन शोधायची तर राजपत्रातील परिसीमनाचे, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवण्याचे, आदेशच वाचावे लागतात. मुंबईत हे वाचन अवघड होते, कारण महापालिकेची हद्दही त्याच काळात वाढत होती. १९५० मध्ये जवळची उपनगरे बृहन्मुंबईत आली, आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा विस्तार १९५७ मध्ये झाला. म्हणून प्रत्येक आदेशाशेजारी त्या त्या वर्षीचा नकाशा ठेवून वाचणे, एवढाच उपाय मला सापडला. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

१९६२ ची मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी ही लढत देशभर गाजली आणि मेनन जवळपास दीड लाख मतांनी विजयी झाले. त्याच वर्षी चीनच्या युद्धादरम्यान त्यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले. १९६७ मध्ये उपनगरांचे ‘ईशान्य’ आणि ‘वायव्य’ असे दोन मतदारसंघ होते. काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यामुळे मेनन ईशान्येत अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्याकडून पराभूत झाले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेननांना पुन्हा हरवले. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते. त्यामुळे तारा सप्रे यांचे नाव चौथ्या लोकसभेच्या सदस्यसूचीतून घ्यावे लागले. केवळ अहवालांवरून केलेल्या याद्यांत ते गळते, याचे वाईट वाटते. रायजी, सप्रे, १९७७ मध्ये ‘उत्तर’मधून मृणाल गोरे आणि १९८९ मध्ये ईशान्येतून जयवंतीबेन मेहता अशी उपनगरांतून स्त्रिया निवडून येण्याची परंपरा आहे, आणि त्यातील एक दुवा असा निसटू नये.

१९७७ पासून मुंबईच्या जागा सहा झाल्या. ती संख्या आजही तशीच आहे. तरी ‘उत्तर’ हे नाव सांभाळून वाचावे लागते, कारण २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी त्यात वसई आणि पालघरही होते आणि राम नाईक त्या भागाचेही खासदार होते.

१९९० मध्ये ‘मुंबई उपनगर’ हे नाव जिल्ह्याला पुन्हा मिळाले. या जिल्ह्यात विधानसभेचे २६ मतदारसंघ आहेत. त्यांतील अणुशक्तीनगर आणि चेंबूर हे लोकसभेसाठी ‘दक्षिण मध्य’मध्ये मोडतात. म्हणून माझ्या तक्त्यात खासदाराच्या नावाआधी वर्ष आणि भूभाग असे दोन रकाने आहेत, आणि मतदारसंघाचे नाव शेवटच्या रकान्यात लिहिले आहे.